आपल्या बाजूचा खोटा साक्षीदार

प्रवरेच्या कांठच्या एका खेड्यांतून आमच्या एका जुन्या वर्गणीदाराचें पत्र आलें आहे. गृहस्थ सुतार आहेत. घरची दोन एकर जिराईत जमीन आहे. ते लिहितात कीं, मुलगा तालुक्याच्या कॉलेजांत जातो. मागें तो एका सभेला गेला. तेथें वक्त्यांनीं सांगितलें, "आपण या देशाचे मूळचे धनी. सिंधु नदीच्या कांठीं आपलीं मोठमोठीं शहरें होतीं. बाहेरून आर्य आले, त्यांनीं तीं शहरें उध्वस्त केलीं, आपल्या बायकापोरांची कत्तल केली आणि उरलेल्यांना शूद्र ठरविलें." पंधरा दिवसांनीं तो दुसऱ्या सभेला गेला. तेथें दुसऱ्या वक्त्यांनीं सांगितलें, "बाहेरून कोणी आलेंच नाहीं. तीं शहरें वेद रचणारांचींच. हें जो नाकारील तो देशाचा वैरी." तेव्हांपासून पोराची झोंप उडाली आहे. दिवसभर मोबाइलवर भांडत बसतो. लहानपणापासून ज्याच्याबरोबर एका बाकावर बसला त्या जोशांच्या मुलाशीं त्यानें बोलणें टाकलें आहे, आणि त्या मुलानेंहि याच्याशीं. पत्राच्या शेवटीं सुतारदादा लिहितात, "संपादकसाहेब, आपल्या बाजूनें काय असेल तें ठासून छापा, म्हणजे मी पोराला दाखवीन."

मागणी साधी आहे. पण 'आपल्या बाजूनें' हे दोन शब्द आम्हांला कुसळासारखे टोचले. म्हणून आज या विषयावर सविस्तर लिहिण्याचें योजिलें आहे.

आमच्या बहुतेक वाचकांनीं केव्हांना केव्हां बांधाचा किंवा वाटणीचा दावा पाहिला असेल. जमीन खरोखर आपली असते, कागद आपल्या नांवाचा असतो, वहिवाट बापजाद्यांची असते. तरी कोणी शहाणा सांगतो, "एक साक्षीदार आणखी उभा कर, म्हणजे दावा पक्का." मग चार पैसे देऊन, ज्यानें तें शेत कधीं पाहिलेंहि नाहीं असा माणूस उभा केला जातो. उलटतपासणींत तो घसरतो. त्याचें खोटें उघडें पडलें कीं न्यायाधीशाला खऱ्या कागदाचाहि संशय येऊं लागतो. दावा खरा असतो, पण आपणच आणलेला साक्षीदार तो बुडवितो. विरुद्ध बाजूच्या खोट्या साक्षीदाराला आपला वकील ओढून काढतो. आपल्या बाजूच्या खोट्या साक्षीदाराला मात्र आपण घरीं नेऊन जेवूं घालतों. सगळा घात तेथेंच होतो.

माणूस जन्मानें उंच किंवा नीच नाहीं, हा आपला दावा खरा आहे. परंतु या दाव्यांत शंभर वर्षें एक साक्ष काढली जात आहे, आणि ती मोहेंजोदडोच्या मेलेल्या माणसांची. दोन्ही बाजूंचे वक्ते त्यांना आळीपाळीनें पिंजऱ्यांत उभे करतात. आज आपण त्या साक्षीची उलटतपासणी करूं.

प्रथम, शहरें सांपडण्यापूर्वीं ही कथा कशी होती तें पाहूं. संस्कृत, फारसी, ग्रीक, लॅटिन या भाषांत भाऊबंदकी आहे, हें विल्यम जोन्स यानें १७८६ सालीं दाखविलें. हा शोध भाषेचा होता. पण पुढें युरोपांतील पंडितांनीं भाषेवरून वंश काढला, आणि गोऱ्या रंगाच्या आर्यांनीं स्वारी करून हिंदुस्थान जिंकल्याची कथा तयार झाली. ज्यांच्या लिखाणानें ही समजूत पसरली त्यांपैकीं एक मॅक्समुल्लर. त्यांनींच १८८८ सालीं बजावलें कीं, आर्य हें भाषेचें नांव आहे, रक्ताचें किंवा हाडांचें नव्हे. पण तोंवर गाडी उताराला लागली होती.

ही कथा आपल्याकडे आली तेव्हां उच्चवर्णीयांना ती गोड वाटली. राज्यकर्ता इंग्रजहि आर्य, आपणहि आर्य, म्हणजे आपण साहेबाचे दूरचे भाऊ! लोकमान्य टिळकांनीं तर १९०३ सालच्या आपल्या ग्रंथांत आर्यांचें मूळ घर उत्तर ध्रुवाजवळ नेऊन ठेविलें. बाहेरून आल्याची त्या काळीं कोणास लाज नव्हती. उलट ती मिरविण्याची गोष्ट होती. महात्मा ज्योतीराव फुले यांनीं १८७३ सालच्या 'गुलामगिरी'त तीच कथा घेतली आणि उलटी फिरविली. तुम्ही बाहेरून जिंकून आलां म्हणतां, तर ज्यांना जिंकलें त्यांची हकीकतहि सांगा, असा त्यांचा सवाल होता. बळीराजाची आठवण त्यांनीं शेतकऱ्याच्या हातीं दिली. ज्या माणसाला शतकानुशतकें 'तुझ्या कर्माचें फळ' म्हणून गप्प बसविलें होतें, त्याला पहिल्यांदा कळलें कीं, आपली दशा देवानें नव्हे, माणसांनीं केली आहे. हें काम लहान नव्हे.

परंतु हेंहि ध्यानांत ठेविलें पाहिजे कीं ज्योतीराव १८९० सालीं वारले. सिंधुकांठच्या शहरांचा शोध त्यानंतर तीस वर्षांनीं लागला. जें त्यांच्या काळीं जमिनीखालीं होतें तें त्यांना ठाऊक नसल्याचा दोष त्यांना देतां येत नाहीं. आपल्याला मात्र तें ठाऊक आहे. तेव्हां न पाहण्याचा दोष आपल्याला लागेल.

आतां त्या शहरांकडे येऊं. १८५० नंतरच्या दशकांत लाहोर-मुलतान आगगाडीचा रस्ता घालतांना ठेकेदारांना हडप्पा येथें भाजलेल्या विटांचीं टेकाडेंच्या टेकाडें सांपडलीं. त्यांनीं त्या विटा फोडून रुळांखालीं घातल्या. सुमारे शंभर मैलांच्या रस्त्याला पुरतील इतक्या विटा त्या जागेवरून गेल्याचें कनिंगहॅम साहेबांनीं नोंदविलें आहे. चार हजार वर्षांपूर्वीं कुंभारांनीं व वीटभट्टीवाल्यांनीं भाजलेली वीट आगगाडीचें ओझें सोसण्याइतकी पक्की होती. पण ती कोणाची, हें विचारण्याची कोणास गरज वाटली नाहीं. पुढें १९२१ सालीं दयाराम साहनी यांनीं हडप्पा येथें व १९२२ सालीं राखालदास बॅनर्जी यांनीं सिंधमध्यें मोहेंजोदडो येथें खोदकाम केलें. २० सप्टेंबर १९२४ रोजीं सरकारी पुराणवस्तु खात्याचे प्रमुख जॉन मार्शल यांनीं लंडनच्या एका साप्ताहिकांतून जगाला कळविलें कीं, हिंदुस्थानांत एक फार जुनी, विसरली गेलेली संस्कृति सांपडली आहे. आज तिच्या भरभराटीचा काळ इ. स. पूर्वीं २६०० ते १९०० असा धरतात. दोन्ही जागा आतां पाकिस्तानांत आहेत.

मोहेंजोदडो या सिंधी नांवाचा अर्थ मेलेल्यांचें टेकाड असा करतात. तेथें घरांत, गल्लींत, विहिरीच्या पायऱ्यांवर अस्ताव्यस्त पडलेले कांहीं सांगाडे मिळाले. सगळे मिळून सुमारे सदतीस. एवढ्या भांडवलावर एक अख्खें युद्ध उभें राहिलें. १९२६ सालीं रामप्रसाद चंद या संशोधकांनीं, शहरांचा नाश करणारे ते ऋग्वेदांतील लोक असावेत, अशी शंका मांडली. १९४६ सालीं ब्रिगेडियर मॉर्टिमर व्हीलर यांनीं हडप्पाचा तट खोदला. हे गृहस्थ पुराणवस्तु खात्याचे प्रमुख होते, पण अंगांत लष्करी शिपाई होता. तट दिसला कीं किल्ला, किल्ला म्हटला कीं वेढा, वेढा म्हटला कीं कत्तल! ऋग्वेदांत इंद्राला पुरंदर म्हणजे पुरें फोडणारा म्हटलें आहे. तट मिळाला, सांगाडे मिळाले, पुरंदर मिळाला. १९४७ सालीं छापलेल्या अहवालांत व्हीलर साहेबांनीं इंद्राला आरोपी करून टाकलें.

ही फिर्याद वाचून सगळेच खूष झाले. स्वारीच्या अभिमान्यांना आपला पराक्रम मिळाला; स्वारीनें चिरडले गेलेल्यांना आपल्या दुःखाचा पुरावा मिळाला. शाळेच्या पुस्तकांत चित्रें आलीं, सभांत टाळ्या पडल्या. सदतीस सांगाड्यांना कोणी विचारलें नाहीं कीं, बाबांनो, तुम्हीं मेलां कसे?

तें विचारलें १९६४ सालीं जॉर्ज डेल्स या अमेरिकन संशोधकानें. त्यानें जुन्या खोदकामाच्या नोंदी काढून एकेक सांगाडा कोठें, कोणत्या थरांत मिळाला तें तपासलें. काय निघालें? सगळे एका दिवशींचे नाहींतच. निरनिराळ्या थरांतले, निरनिराळ्या काळचे. किल्ल्याच्या टेकाडावर, जेथें लढाई व्हावयाची, तेथें एकहि नाहीं. जवळ मोडलेलें शस्त्र नाहीं, चिलखत नाहीं, शहर जाळल्याची राख नाहीं. घाईघाईनें पुरलेलीं किंवा पडक्या घरांत टाकलेलीं माणसें तीं. पुढें १९८० नंतर केनेथ केनेडी या हाडांच्या जाणकारानें तीं हाडें पाहिलीं. बहुतेकांवर शस्त्राच्या घावाची खूणच त्यांना मिळाली नाहीं. शिवाय काळाचा मेळ बसत नाहीं. शहरें ओस पडलीं इ. स. पूर्वीं १९०० च्या सुमारास. ऋग्वेदाची रचना बहुतेक विद्वान इ. स. पूर्वीं १५०० च्या पुढें धरतात. चार-पांचशें वर्षांनीं जन्मलेल्याला खुनाचा आरोपी कसें करणार? खटला निकालांत निघाला. मोहेंजोदडोची कत्तल झालीच नाहीं.

मग शहरें मोडलीं कशानें? या प्रश्नाचें उत्तर आमच्या शेतकरी वाचकाला पंडितापेक्षां लवकर समजेल. पाऊस हटला. सुमारे चार हजार दोनशें वर्षांपूर्वींपासून मोसमी पाऊस दुबळा झाला, घग्गर-हाक्रा नदीचा प्रवाह आटत गेला, पुराच्या ओलीवर पिकणारीं शेतें उताऱ्याला आलीं. शहर हें शेतकऱ्याच्या उरलेल्या दाण्यावर जगतें. दाणा उरेना तेव्हां शहर कशावर जगणार? परदेशचा व्यापारहि बसला. माणसें मेलीं नाहींत. तीं उठून गेलीं. कोणी पूर्वेकडे, जेथें पाऊस अजून बरा होता, कोणी गुजरातकडे. मोठीं शहरें गेलीं, लहान खेडीं वाढलीं. दुष्काळांत बैलगाडी जुंपून निघालेलें कुटुंब ज्यांनीं पाहिलें आहे त्यांना हा इतिहास समजावयास इंद्राची गरज लागत नाहीं.

कोणी म्हणेल, "संपादकमजकूर, तुम्ही तर आपलीच बाजू ढिली करतां. ज्योतीरावांच्या मतावर पाणी सोडतां." त्यांना आम्ही एका पुस्तकाची आठवण देतों. १९४६ सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं 'शूद्र पूर्वी कोण होते?' हा ग्रंथ इंग्रजींत लिहिला. तो त्यांनीं महात्मा फुले यांना अर्पण केला आहे. आणि त्याच ग्रंथांत त्यांनीं ऋग्वेद उलटापालटा करून पाहून, आर्य नांवाचा निराळा वंश, त्याची स्वारी, आणि दास म्हणजे जिंकलेला निराळा वंश, ही सगळी उपपत्ति पुराव्याअभावीं फेटाळली. गुरूचें नांव पहिल्या पानावर, आणि गुरूनें ज्या काठीचा आधार घेतला ती काठी पुढल्या पानांत मोडलेली! यांत गुरुद्रोह झाला काय? मुळींच नाहीं. ज्योतीरावांनीं शिकविलें तें सत्य शोधा हें. माझें प्रत्येक वाक्य पाठ करा असें नव्हे. बाबासाहेबांनीं वाक्य सोडलें व शिकवण धरली. शूद्र हे मूळचे क्षत्रिय होते हें जें नवें मत त्यांनीं मांडलें त्यावरहि विद्वानांत वाद आहे, आणि तो वाद तपासण्याचा हक्क त्यांनींच आपल्याला दिलेला आहे.

आतां दुसऱ्या सभेकडे वळूं. पहिल्या सभेचा साक्षीदार खोटा ठरला म्हणून दुसऱ्या सभेचा खरा ठरत नाहीं. "कोणी आलेंच नाहीं, शहरें वेदवाल्यांचींच," असें सांगणाऱ्यांचीहि उलटतपासणी झाली पाहिजे.

सिंधूच्या शहरांत बैलाचीं, हत्तीचीं, गेंड्याचीं चित्रें विपुल आहेत. वेदांत पदोपदीं येणारा घोडा व घोड्याचा रथ यांचें चित्र मुद्रांवर नाहीं. ही अडचण दूर करावयास २००० सालीं एका पुस्तकांत मोहेंजोदडोची 'घोड्याची मुद्रा' छापण्यांत आली. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत 'फ्रंटलाइन' या इंग्रजी पाक्षिकांत दोघां विद्वानांनीं मूळ मुद्रेचें छायाचित्र शेजारीं ठेविलें. ती एक तुटकी मुद्रा होती. पुढचा भाग गेलेला. उरला होता तो एकशिंगी बैलाचा मागला भाग. घोडा दिसला होता तो यंत्रावर बदललेल्या अंधुक चित्रांत. ज्याला घोडाच पाहिजे त्याला बैलाच्या शेपटांतहि घोडा दिसतो!

लिपीचेंहि तसेंच. चार हजारांवर लेखयुक्त वस्तु मिळाल्या आहेत, पण लेख इतके तोकडे कीं एकेका लेखांत सरासरी पांच चिन्हें. ती लिपि आजवर कोणालाहि वाचतां आलेली नाहीं. जानेवारी २०२५ मध्यें तमिळनाडूच्या मुख्यमंत्र्यांनीं ती वाचून दाखविणारास दहा लक्ष डॉलरांचें बक्षीस जाहीर केलें. जो सभेंत उभा राहून त्या लोकांची जात, भाषा व देव छातीठोकपणें सांगतो त्याला एवढेंच म्हणावें कीं, महाराज, येथें वेळ कां घालवितां? आधीं तें बक्षीस घेऊन या.

आतां रक्ताचा पुरावा. २०१९ सालच्या सप्टेंबरांत दोन मोठे संशोधन-लेख एकाच वेळीं प्रसिद्ध झाले. एकांत हरियाणांतील राखीगढी येथील सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वींच्या एका बाईच्या हाडांतील डीएनए, म्हणजे वंशाची खूण बाळगणारें द्रव्य, तपासलें होतें. साठांवर नमुने पाहिले, त्यांत या एका बाईचेंच द्रव्य वाचण्याजोगें निघालें. काळ्या समुद्राच्या व कास्पियनच्या उत्तरेकडील गवताळ मुलखांतल्या पशुपालकांचा अंश तिच्यांत नव्हता. दुसऱ्या लेखांत शेंकडों जुन्या माणसांचे नमुने होते. त्यावरून दिसलें कीं, तोच पशुपालकांचा अंश इ. स. पूर्वीं २००० ते १५०० च्या सुमारास आपल्या देशांत पसरला आणि आज तो कोट्यवधि लोकांत आहे. झालें! एका बाजूनें पहिला लेख उचलला आणि ओरड केली, "कोणी आलें नाहीं!" दुसऱ्या बाजूनें दुसरा उचलला आणि ओरड केली, "परके सांपडले!" दोन्ही लेख एकत्र वाचण्याची तसदी थोड्यांनींच घेतली. एकत्र वाचले तर अर्थ सरळ आहे. शहरें बांधणारे आधींचे. पशुपालक मागाहून आले. आणि मग सगळे एकमेकांत मिसळले. सिंधूच्या लोकांचा अंश आज या देशांतील बहुतेक सर्व जातींत आहे, ब्राह्मणांतहि आणि महारमांगांतहि. मागाहून आलेल्यांचा अंश कांहीं पुरोहित जातींत थोडा अधिक आहे, पण तो पुष्कळ इतर जातींतहि आहे. नुसता मूळचा किंवा नुसता बाहेरचा असा गठ्ठा कोणाच्या घरीं बांधून ठेवलेला नाहीं.

याहून महत्त्वाची गोष्ट २०१३ सालच्या एका संशोधनांत निघाली, आणि ती कोणत्याच सभेंत सांगत नाहींत. सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वींपर्यंत या देशांत निरनिराळ्या लोकांत सरसहा मिश्रण चाललें होतें. त्यानंतर तें थांबत गेलें आणि ज्यानें त्यानें आपल्याच जातींत लग्नें करण्याची रीत घट्ट झाली. वाचकहो, याचा अर्थ नीट मनांत घ्या. जातीची भिंत ही सृष्टीच्या आरंभींची नव्हे. तिच्या आधीं दोन हजार वर्षें बेटीव्यवहार खुला होता. भिंत मागाहून उभी राहिली; उभी केली ती माणसांनीं. जें माणसांनीं बांधलें तें माणसांना पाडतां येतें. आपल्या दाव्याचा हा खरा साक्षीदार. यानें कोणाच्या कत्तलीची गोष्ट सांगितली नाहीं म्हणून आपण त्याला दाराबाहेर बसवून ठेविलें आहे.

आतां कोणी विचारील, कत्तल गेली, मूळचा धनीपणा गेला, मग शेतकऱ्याच्या व बलुतेदाराच्या हातांत या इतिहासांतलें उरलें काय? आम्ही म्हणतों, जें उरलें तेंच सर्वांत मोलाचें.

राजस्थानांत कालीबंगन येथें इ. स. पूर्वीं २८०० च्या सुमाराचें एक नांगरलेलें शेत मातीखालीं जसेंच्या तसें सांपडलें. एका दिशेचे तास सुमारे एक फुटावर, आडवे तास सुमारे सहा फुटांवर. खोदणारांनीं शेजारच्या गांवांत पाहिलें तर तेथील शेतकरी त्याच रीतीनें एका शेतांत हरभरा व मोहरी घेत होते. आपण बाजरींत तुरीची ओळ घालतों, त्यांतलाच हा हिशेब. कोणत्याहि राजाचें नांव त्या काळांतून आपल्यापर्यंत आलें नाहीं. नांगराचा तास मात्र आला.

विटेची जाडी, रुंदी व लांबी यांचें प्रमाण एकास दोन, दोनास चार असें. आणि तें शेंकडों कोसांवरच्या गांवांतहि तेंच. वजनें चकमकीच्या दगडाचीं, चौकोनी घासलेलीं: एक, दोन, चार, आठ, सोळा अशीं दुपटीनें चढणारीं. सोळा आण्यांचा रुपया मोजणाऱ्या आपल्या आजोबांना हा हिशेब चटकन समजला असता. यावरून आणे तेथूनच आले असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. नाहीं तर आम्हीहि त्या घोडेवाल्यांच्या पंगतींत बसूं. मोहेंजोदडोंत सातशेंच्या वर विहिरी असाव्यात असा तपासणारांचा अंदाज आहे. घरोघरचें सांडपाणी वाहून नेणारीं झांकलेलीं गटारें होतीं. ज्या देशांत अजून गटारांत उतरून माणसें मरतात त्या देशानें त्या गटारांचा अभिमान सांगतांना जरा खालीं मान घालावी.

पण येथेंहि सावध राहिलें पाहिजे. मोठा राजवाडा निर्विवाद सांपडला नाहीं म्हणून तेथें गरीब-श्रीमंत नव्हतेच, सर्व समान होते, असें रामराज्याचें चित्र काढणें हाहि खोटाच साक्षीदार. मोठीं घरें होतीं, लहान घरें होतीं. त्यांच्यांत काय नातें होतें तें सांगणारा लेख आज कोणास वाचतां येत नाहीं.

आणि सुतारदादा, तुमच्या प्रवरेकांठचीच गोष्ट सांगतों. श्रीरामपूर तालुक्यांत दायमाबाद आहे. तेथें १९७४ सालीं एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचें खोड खणतांना कांशाच्या चार वस्तु मिळाल्या: दोन बैलांचा रथ व तो हांकणारा माणूस, हत्ती, गेंडा आणि रेडा. मिळून साठ किलोंहून अधिक वजन, आणि भरीव ओतकाम. पाहणारा थक्क व्हावा अशी ओताऱ्याची कारागिरी. पुष्कळ विद्वान त्या वस्तु सिंधु संस्कृतीच्या उत्तरकाळच्या मानतात. म्हणजे दुष्काळानंतर विखुरलेल्या त्या विद्येचा एक धागा तुमच्या नदीपर्यंत आला. पण धातूंतील सोमलाचें प्रमाण पाहून कांहींनीं त्यांच्या काळाविषयीं शंका घेतली आहे. पहा, आमच्या जिव्हाळ्याच्या, आमच्या मुलखांतल्या वस्तूंबद्दलहि आम्ही ही शंका तुमच्यापुढें ठेवतों. ती लपविली असती तर मजकूर अधिक गोड झाला असता. पण मग आम्ही आणि सभेंतले ते वक्ते, यांत फरक काय राहिला असता?

तुमच्या मुलाला आमचें सांगणें असें. पोरा, कोणी तुला जुन्या युद्धाची गोष्ट सांगूं लागला तर बाजार करणाऱ्या आईसारखा वाग. वस्तु कोठून आली, कोणीं पाहिली, तराजूंत पासंग तर नाहीं, हें विचार. गोष्ट ऐकून तुझी छाती फुगली किंवा डोकें तापलें, तर दुप्पट विचार. कारण पासंग त्याच वेळीं लावला जातो. आणि ज्यानें तुला चार हजार वर्षांपूर्वींच्या मेलेल्यांसाठीं रडविलें, त्याला जातां जातां एवढें विचार कीं, आज माझ्या बापाच्या कामाला व माझ्या गांवच्या मालाला भाव काय, आणि शिकून बाहेर पडल्यावर मला काम कोठें? पुष्कळांचें तोंड तेथेंच बंद होईल.

आपला हक्क मोहेंजोदडोच्या हाडांवर उभा नाहीं. आपण या देशांत आधीं आलों म्हणून माणूस आहों असें नव्हे, आणि कोणी मागाहून आला म्हणून तो माणूस नाहीं असेंहि नव्हे. आधीं आलेल्याचा हक्क मोठा असें एकदां मानलें, तर उद्यां डोंगरांतला भिल्ल व कातकरी आपल्यालाहि विचारील, "तुम्ही कधींचे?" आणि मग आपण कोणता कागद दाखविणार? समतेचा दावा जन्मावर व आगमनावर लढवूं नका. तो माणुसकीवर लढवा. त्या दाव्याला खोट्या साक्षीदाराची गरज नाहीं आणि तो कोणत्याहि खोदकामानें हरणार नाहीं.

सुतारदादा, तुम्हीं 'आपल्या बाजूनें' छापा म्हणालां. छापलें आहे. खरें तें आपल्या बाजूचें, एवढीच बाजू आम्हांला ठाऊक आहे. हा अंक मुलाला वाचावयास द्या. आणि वाचून झाला कीं त्याच्याच हातानें जोशांच्या मुलाकडे पाठवा. ज्यांच्या पूर्वजांनीं कत्तल केलीच नाहीं, आणि ज्यांच्या पूर्वजांची ती झालीच नाहीं, त्या दोघां पोरांनीं एका बाकावर बसायला काय हरकत आहे?